उपसलेली बावडी

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी महापालिकेच्या ऑफिसातून फोन. सिंहस्थाच्या आधी जुन्या बावड्या तपासायच्यात. कोणत्या ठेवायच्या, कोणत्या मलबा, म्हणजे राडारोडा टाकून बंद करायच्या. आमच्या गल्लीतली बघायला नवरात्रात येणार. भारती मॅडम म्हणून इंजिनीअर आहेत, बोलायला सरळ वाटल्या. "सर, आज जैसी है वैसी दिखी, तो मेरे हाथ में कुछ नहीं रहेगा।"

आज कशी आहे ते मला विचारा. हिरवं पाणी, त्यावर परवाच्या विसर्जनाचे हार, थर्माकोल, कुणाचीशी चप्पल. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना ती बुजलेलीच हवी आहे. गाड्या लावायला जागा होईल. इंदूरला बावडीवरची फरशी खचून माणसं गेली, तेव्हापासून त्यांना भीतीचं कारणही मिळालंय. पण ते झाकून वर बांधल्यामुळे झालं. आमची उघडी आहे. हे सांगून तोंड दुखलं.

पॉलिटेक्निकात उभी नोकरी ड्रॉइंग शिकवण्यात गेली. प्रत्येक बॅच टेप घेऊन इथे आणली. ती गेली तर माझ्या हाताने गावासाठी काय राहिलं? काही नाही.

९ सप्टेंबर, मंगळ

जुना नकाशा काढून बसलो. पश्चिमेकडून पायऱ्या उतरतात. पहिला चबूतरा, दोन्ही अंगांना ओवऱ्या, बसायला कट्टे. मग दुसरा चबूतरा, तिथे कमानी. विटा आणि चुना, शिंदेशाहीतलं काम. टोकाला गोल विहीर, वर मोटेचा दगड, त्यावर दोराने पडलेल्या खाचा. इतकं पक्कं. दुसऱ्या चबूतऱ्याखाली कायम पाणी, त्यामुळे तिथून पुढे माझी रेघ तुटक. खाली काय आहे ते कुणीच पाहिलेलं नाही.

आमच्या घरात सांगतात, दफ्तरातल्या एका कारकुनाच्या विधवेने बांधली. गल्लीतले म्हणतात राणीने. यांना प्रत्येक जुना दगड राणीचाच लागतो. कारकुनाच्या बायकोने काही केलं म्हटलं की चेहरे पडतात.

१० सप्टें., बुध

संध्याकाळी बैठक. आमचं मराठी गणेश मंडळ आणि वरच्या गल्लीतलं रिंकूचं मंडळ एकत्र बसली हाच चमत्कार. एरवी यांची मूर्ती मोठी की त्यांची, यांचे ढोल जास्त की त्यांचे. बाळासाहेब आमचे अध्यक्ष, गुडघे गेलेत पण अध्यक्षपद सुटत नाही. रिंकूचं टॉवर चौकात मोबाइलचं दुकान, तोंड मशीनसारखं चालू.

मी म्हणालो, पाणी उपसू, गाळ काढू, स्वच्छ बावडी दाखवू. दोघांनी एकदमच हात वर केले. "सेवा तो अपना मंडल करेगा मास्साब!" "वा रे वा, बावडी कोणाच्या गल्लीत आहे?" शेवटी ठरलं, दोघांचा एकेक पंप. पुन्हापुन्हा बजावलं, हळू उपसायचं. हातभर उतरलं की थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुढे. रिंकू म्हणाला, "हओ मास्साब, आप जैसा बोलो।" का हळू, ते कुणी विचारलं नाही. मीही वर्ग घेत बसलो नाही.

१३ सप्टें., शनि

पंप सुरू. कचराच ट्रॉलीभर निघाला. पाणी हातभर खाली. छान.

मुग्धा बाळाला घेऊन गच्चीवरून बघत होती. बाळंतपणाला आलेली पोरगी, पुण्याला परत जायच्या गोष्टी आत्तापासून करते. नलिनीने ठरवून टाकलंय की नवरात्रात तिचं जलवा पूजन बावडीवरच. बाळंतिणीने डोक्यावर कलश घेऊन पाण्यापर्यंत उतरायचं, हळदकुंकू वाहायचं, मगच तिला घरातलं पाणी भरायला मोकळीक. चाल माळव्याची, पण आमच्या घरातल्या प्रत्येक बाईने केली. मुग्धा हसते. "बाबा, मला पाणी भरायची परवानगीच नकोय." आईसमोर नाही म्हणत ते.

उद्या इंदूरला, दादाकडे. वडिलांचं श्राद्ध. मंगळवारी परत.

१६ सप्टें., मंगळ. दुपार

बसमधून उतरतोय तर रिंकूची पोरं हार घेऊन उभी. ढोलसुद्धा. मला वाटलं कुणी निवडून आलं.

बावडी रिकामी. पूर्ण. तळ दिसतोय.

झालं असं. मी गेल्यावर आमच्या मंडळाने दुसरा पंप लावला. ते बघून रिंकूने भैरवगढच्या कापड रंगवणाऱ्यांकडून दोन मोठे आणले. मग यांनी तिसरा. दोन दिवस, दोन रात्री, कोण आधी तळ गाठतो. बाळासाहेब गुडघे विसरून खुर्ची टाकून बसले होते म्हणे. "सरप्राइज मास्साब!"

गळ्यात हार. हसलो. दुसरं काय करणार. आपलेच दात, आपलेच ओठ.

संध्याकाळ

खाली उतरलो. गुडघाभर चिखल. माझ्या तुटक रेघेखाली एक अख्खा मजला आहे.

विटा नाहीत, चुना नाही. सगळा दगड, काळा, एकमेकांत बसवलेला, सांध्यात पातं शिरणार नाही. आखूड खांब, वर आडव्या तुळया. एका तुळईवर कमळ, पण उलटं. म्हणजे हा दगड आधी दुसरीकडे होता, एखाद्या देवळात, पडलेल्या. परमारांच्या वेळचं असावं. कुणीतरी तो उचलून इथे बसवला आणि त्यावर शेकडो वर्षांनी आमच्या कारकुनाच्या विधवेने आपल्या कमानी रचल्या. बाईने बावडी बांधली नाही, दुरुस्त केली. तेवढंच केलं आणि तेवढ्याने इथवर टिकली.

रडू आलं. चिखलात उभा राहून रडलो, कुणी बघत नव्हतं.

मग पूर्वेची भिंत बघितली आणि रडू थांबलं.

१७ सप्टें., बुध

पूर्वेची भिंत म्हणजे रस्त्याकडची. वरून स्कूल बस, टेम्पो, सगळं जातं. विटांचा भाग पोटाशी फुगलाय. आधी नव्हता. ओळंबा सोडून बघितला, मन मानेना म्हणून पुन्हा सोडला.

पावसाळा आत्ता संपतोय. भिंतीमागची माती पाण्याने गच्च. आत पाणी होतं तोवर दोन्हीकडून दाब, भिंत उभी. आतलं एकदम काढलं, मागचं तसंच राहिलं. आता नुसतं एकाच बाजूने ढकलणं. हे मी फळ्यावर काढून शिकवलंय. पोरांना परीक्षेत यायचं.

भेग वरपासून कमानीपर्यंत. काडीपेटीतली काडी जाते. भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली. भिंत हलली तर काच तुटेल. रिंकूने विचारलं, "ये क्या लगाया मास्साब?" म्हणालो, "नाप का है।"

१९ सप्टें., शुक्र

काच तुटली.

२० सप्टें.

कुणाला सांगितलेलं नाही. नलिनीलाही नाही. सांगितलं तर मॅडमच्या कानावर जायला एक दिवस. मग सरळ डंपर. तोंडी ऑर्डरसुद्धा लागायची नाही, असल्या कामात सगळे तयार असतात.

पाणी परत भरावं म्हटलं. झरे चालू आहेत पण बोटाएवढी धार. सगळ्या गल्लीने बोअर मारलेत, खाली पाणी राहिलंय कुठे. टँकर आणावा तर तो उभा करायला जागा एकच, नेमकी त्या भिंतीच्या डोक्यावर. भरलेला टँकर तिथे म्हणजे संपलंच. पश्चिमेच्या पायऱ्यांकडे गल्ली इतकी अरुंद की सायकल उतरून न्यावी लागते.

हात दाखवून अवलक्षण. बैठक मीच बोलावली होती.

दिवसभर खालच्या मजल्याचं ड्रॉइंग करत होतो. भिंत डोक्यावर आहे हे माहीत असून. उद्या राहील न राहील, कागदावर तरी.

२२ सप्टें., सोमवार. घटस्थापना

नलिनीने गुरुजींना विचारून पूजनाचा दिवस आणला. अष्टमी. मी म्हणालो, घरीच करा, बादलीत पाणी घ्या.

"बादलीत? इतकी वर्षं घाण होती तेव्हा नाक धरून उतरलो आम्ही. आता आरशासारखी झाली तर बादली?"

"चिखल आहे. घसरेल ती."

"चिखल मुलांनी काढला. सगळी गल्ली खुश आहे, एक तुम्हीच तोंड पाडून फिरताय. काय झालंय तुम्हाला?"

जेवलो नाही.

२५ सप्टें., गुरु

उद्या मॅडम येणार. भेगेत आता पेन्सिल जाते.

संध्याकाळी रिंकू आला. दोन्ही मंडळं मिळून स्वागताचं फ्लेक्स लावणार, कुठे लावू? मॅडमचं नाव, खाली दोन्ही अध्यक्षांचे हात जोडलेले फोटो, कोपऱ्यात माझाही. मी बोट दाखवलं. पूर्वेच्या भिंतीवर.

त्याने लावलं. भेग झाकली, पोटही झाकलं.

हे मी केलं. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या स्वतःलाच वेगळं सांगता येणार नाही.

२६ सप्टें., शुक्र

मॅडम आल्या. तरुण आहेत, पायात बूट घालून सरळ तळापर्यंत. कमळाच्या दगडावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "सर, ये तो मैंने किताब में भी नहीं देखा।" माझं ड्रॉइंग हातात घेतलं, नीट धरलं, कडेला धरलं, बोटांचे ठसे उमटू न देता. अशी माझी एकही विद्यार्थिनी नव्हती.

निघताना म्हणाल्या, रिपोर्टात ठेवण्यासारखी म्हणून लिहीन. रिंकूने जयजयकार केला. बाळासाहेबांनी पेढे वाटले. फ्लेक्ससमोर सगळ्यांचा फोटो, मॅडम मध्ये, मी शेजारी. पाठीमागे भिंत. 

जे हवं होतं ते मिळालं. इतकं वाईट मला आई गेली तेव्हा वाटलं होतं, त्यानंतर आज.

२७ सप्टें., शनि

रात्री लिहितोय.

दुपारी चहा पीत होतो. नलिनी म्हणाली, मुग्धा बाळाला घेऊन खाली गेलीये, बाबा रोज काय बघतात ते बघायला. मी कप ठेवला की टाकला माहीत नाही.

पायऱ्यांवरून बघितलं. ती दुसऱ्या चबूतऱ्यावर, फ्लेक्सच्या खाली, बाळाला कमान दाखवतेय. गाणं म्हणतेय काहीतरी. मी ओरडलो. नाव घेऊन नाही, नुसता ओरडलो. ती दचकून माझ्याकडे चार पावलं आली आणि मागे चुन्याचं ढेकूळ पडलं. फ्लेक्स फाडून. नारळाएवढं. आधी होती तिथेच.

बाळ झोपलेलंच होतं.

वर आल्यावर मुग्धाने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

हो म्हणालो.

"आणि अष्टमीला मी तिथेच उतरणार होते."

नलिनी पुढे आली. बाळाला माझ्या हातून काढून घेतलं. मी घेतलं कधी होतं तेही आठवत नाही.

पायऱ्यांच्या तोंडाला दोरी बांधली, रस्त्यावर पिंपं आडवी ठेवली, स्कूल बसची वाट बंद केली. मग मॅडमना फोन. सगळं सांगितलं, फ्लेक्ससकट.  मग, "सर, मैं आपके भरोसे लिख रही थी।"

२९ सप्टें., सोमवार

मॅडम आल्या, माझ्याशी नमस्कारापुरतं बोलल्या. भेग बघितली. म्हणाल्या, ही बावडी आता बंद करावी लागेल. पुढच्या सोमवारी मलब्याचा डंपर.

मी म्हणालो, बंद कराच. पण मलबा नको, वाळू.

मी सांगितलं. तळाला, पूर्वेच्या भिंतीच्या पायाशी आधी कोरडी वाळू, मग सगळीकडे, दुसऱ्या चबूतऱ्यापर्यंत. पाण्याच्या जागी वाळू भिंतीला धरून ठेवील. वरच्या कमानी, ओवऱ्या उघड्या राहतील. पन्नास वर्षांनी कुणाला अक्कल आली, हाताशी पैसा आला, तर वाळू काढता येते. मलबा, सिमेंट, तुटक्या लाद्या पडल्या की खालचे खांब मोडतील, नंतर काही शिल्लक राहणार नाही. आणि वरून डंपर ओततानाच ती भिंत जाईल.

"आप खुद दफ़नाने को कह रहे हैं?"

"हो." मराठीतच निघालं. त्यांना कळलं.

वाळू वाहायला रोजच्या मजुरांना खाली पाठवायची जबाबदारी त्या घेऊ शकत नाहीत. डंपर थांबवायचा असेल तर एकच वाट. लाकडाचे टेकू त्या लावून देतील, त्यांच्या सरावलेल्या माणसांकडून, पुढचे तीन दिवस. टेकूंच्या आतल्या बाजूने, पश्चिमेच्या पायऱ्यांनी, हातोहात वाळू जायला हवी. सोमवारी सकाळी त्या येतील. पायथा भरलेला दिसला तर "सुरक्षित भराव" लिहितील आणि बाकीचं सरकारी कामात करून घेतील. नाही दिसला तर डंपर.

३० सप्टें. अष्टमी

पूजन घरीच झालं. बादलीत. मुग्धाने कलश घेतला, कुंकू वाहिलं. माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी मागे सरकलो. म्हणाली, "बाबा, उभे राहा नीट." पाया पडली. रागावलेली आहे अजून, पण पडली.

संध्याकाळी आरतीनंतर दोन्ही मंडळांना सांगितलं. पाणी एकदम उपसल्यामुळे झालं. मी का हळू म्हणालो होतो ते सांगितलं नाही, चूक माझी. नंतर लपवलं, तेही मीच.

रिंकू उठून उभा राहिला. मग, "अपन ने तो सेवा की थी मास्साब। आपको हार पहनाया था।" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. बाळासाहेब उसळले, मोठे पंप कुणी आणले? रिंकू, तुमचे तीन होते ते? मग सुरूच. कुणाच्या पंपाने किती पाणी काढलं. पुण्य वाटून घ्यायला एकत्र, पाप वाटताना तागडी.

वाळूला कोण येणार विचारलं. कुणी म्हणालं दसरा होऊ दे. कुणी म्हणालं, तुम्हीच तर म्हणता भिंत पडेल, पोरांना खाली पाठवू? बरोबरच आहे. माझ्या शब्दाची किंमत मीच फ्लेक्सला टांगली.

२ ऑक्टो. दसरा

सोनं द्यायला कोण येतं कोण नाही, मोजत नाही म्हणत मोजलं. रिंकू आला नाही. बाळासाहेब आले, आपट्याची पानं हातात ठेवली, गुडघ्यांबद्दल बोलले, गेले.

टेकू लागलेत. साग नाही, पण जाड आहेत. मॅडमच्या माणसांनी चांगलं काम केलं. भेग कालपासून थांबली आहे. नवी काच लावलीये, शाबूत आहे.

नलिनी आज बोलली. म्हणाली, "एकटे उतरायचं नाही." मी म्हणालो मग कुणाबरोबर उतरू? ती म्हणाली, "ते मला नका विचारू. माझं ऐकायचं होतं तेव्हा विचारायचं." ताट वाढून गेली.

४ ऑक्टो., शनि

वाळू आली. गल्लीच्या तोंडाशी, देवळासमोर ढीग आहे. ट्रकवाला म्हणाला रिंकू भियाने सांगितलं, त्याच्या मेव्हण्याच्या साइटवरची. रिंकूला फोन केला, उचलत नाही.

दोन्ही गल्ल्यांत घरोघर गेलो. उद्या सकाळी, ज्याला जमेल त्याने. टोपली, तगारी, काहीही. खालच्या चबूतऱ्यावर फक्त मी उतरेन, बाकीच्यांनी पायऱ्यांवर रांग करायची, खाली यायचं नाही. हे सगळीकडे सांगितलं. लोक ऐकून घेतात. चहा देतात. देखते हैं मास्साब.

देखते हैं म्हणजे काय ते या गावात मला कळतं.

५ ऑक्टो., रविवार

सकाळ. पायरीवर टेकलोय म्हणून लिहितोय, दम लागला.

उजाडताच आलो. ढिगापाशी कुणी नव्हतं. थोडा वेळ वाट बघितली, मग म्हटलं ऊन होईल, पहिली तगारी भरली. पायऱ्या या वयात मोकळ्या हाताने जड जातात. टेकूंच्या आतून वाकून गेलो. पायथ्याशी ओतली. ते खांब, त्या तुळया, ते उलटं कमळ. कालपर्यंत ज्यांच्या कडा मी टोकदार पेन्सिलीने काढत होतो, त्यांच्या अंगावर माझ्याच हाताने वाळू. छातीत खरोखर कळ आली. चुकतोय का मी? कुणाला विचारू? तीन फेऱ्या झाल्या, मूठभर वाटते तळाला.

मुग्धा आली होती, पदर खोचून. हाकलली. "ओझं उचलायचं नाही तुला." तोंड फिरवून गेली, वर कठड्याशी उभी असेल. नलिनी देवळाच्या ओट्यावर बसलीये, बाळ मांडीवर. मदत करायला नाही, माझ्यावर लक्ष ठेवायला. असू दे.

चौथी भरायला निघालो होतो. वर बोलण्याचा आवाज येतोय. पुरुषाचा, बाईचा, काहीतरी खरवडल्यासारखं, फावडं असेल नाहीतर एखादी गाडी दगडाला घासून गेली असेल. कुणीतरी म्हणतंय, "पहले इधर से।" रिंकूसारखा आवाज आहे, पण खालून सगळ्यांचेच आवाज सारखे लागतात.

पायथा अजून निम्म्याचा निम्मा नाही. जाऊन बघतो.